लोटन आबांची दगडी

लोटन आबांनी एखाद्या वस्तूला शिव्या घातल्या की त्या वस्तूचा भाव वाढायचा. खोटं कशाला बोला, नरडाण्याच्या आसपास चार गावांत कुणालाही विचारा. आबा वांग्यांची टोपली घेऊन निघाले आणि कुणी बोललं, "आबा, वांगा काय भारी शेतस!" तर आबा टोपलीवर धोतराचा सोगा टाकून ओरडायचे, "काय भारी? बठ्ठी किडेल शेतस! ढोरबी तोंड लावत नही!" हे ऐकलं की घेणारा निर्धास्त व्हायचा. धुळ्याच्या बाजारात एकदा त्यांच्या तोंडून चुकून "बरी शेतस" निघून गेलं, तर व्यापाऱ्यानं टोपली उलटी करून खालची वांगी तपासली होती.

नवा ट्रॅक्टर आला तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं. लाल, चकचकीत, आरशासारखा. आबांनी पहिलं काम काय केलं असेल, तर त्याच्या पुढच्या बाजूला फाटकी चप्पल बांधली आणि म्हणाले, "डबडं शे. फसाडं माले." गाव हसलं आणि पेढे खाऊन घरी गेलं. आबांचं बोलणं कसं ऐकायचं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हे सगळं आईकडून आलेलं. आबांच्या आधीची तीन लेकरं गेली होती. चौथा जन्मला, तसं म्हातारीनं त्याला उंबऱ्यावरून उकिरड्याकडे लोटलं आणि परत उचलून घेतलं. कचऱ्यातलं पोर म्हणून यम पुढे निघून जाईल, एवढाच हिशोब. म्हणून नाव लोटन. जन्मभर ती त्याला "मना काया दगड", माझा काळा दगड, म्हणाली. तिच्या शेवटच्या दिवशीसुद्धा लेकाचा हात हातात धरून "काया दगड" एवढंच म्हणत होती, आणि चाळिशीतला लोटन ढसाढसा रडत होता. आपल्यावर कुणाची माया होती का, असा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही, हा त्या घरचा कायदा. त्याला अपवाद एकच, कानबाई. श्रावणातल्या त्या रविवारी नारळाला मुखवटा चढवून, नथ-पाटल्या घालून, नवं लुगडं नेसवून बाईला चौरंगावर बसवलं, की मग गाव तोंडभरून बोलायचं. बाई काय साजरी दिसते, बाई काय देखणी दिसते! देवीला कुणाची नजर लागणार? वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं कौतुक त्या एका दिवशी बाहेर यायचं.

यंदाही रविवारी बाई बसणार होती आणि सोमवारी उठून नदीवर विसर्जनाला जाणार होती. आबांची एकुलती एक लेक रत्ना शनिवारीच जळगावहून आली होती. ती तिथं शाळेत शिकवते. सोबत नवरा जगदीश आणि सहा वर्षांची लेक. लेकीचं नाव तापी. "नदीनं नाव ठेवतस का कोनी पोरले?" म्हणून आबांनी बारशाला नाक मुरडलं होतं, आणि घरी येऊन बायकोला चारदा ते नाव म्हणून दाखवलं होतं. तापी दिसायला हुबेहूब आईसारखी. सावळा रंग, मोठं कपाळ, पुढच्या दोन दातांत फट. आणि रत्ना दिसायला आबांच्या आईसारखी. एकच चेहरा तिघींत फिरत होता.

रविवारी सकाळी प्रमिलाबाई, म्हणजे आबांच्या घरच्या, चुलीवर खापर ठेवून पुरणपोळ्या करत होत्या. हातावरच पोळी फिरवत फिरवत ताटाएवढी करायची आणि त्या पालथ्या मडक्यावर टाकायची. खानदेशात ही पोळी जमली नाही तर सुनेला सून म्हणत नाहीत. तेवढ्यात आतल्या खोलीतून तापी आली. अंगात नवा हिरवा परकर-पोलका, केसांत गजरा, हातभर बांगड्या. दारात उभी राहून तिनं एक गिरकी घेतली आणि आबांकडे बघितलं.

आबांनी तिला डोळे भरून बघून घेतलं. मग ते ओरडले, "अरे, हाई माकड कोन सोडं रे घरमा? तोंड पाहा, जसं खापरनं बूड!"

ओसरीवरचे दोघेचौघे भाऊबंद खो खो हसले. तापी हसली नाही. तिनं चुलीवरच्या खापराकडे बघितलं. वर्षानुवर्षं जाळ खाऊन त्याची कड काळी कुळकुळीत झाली होती. मग तिनं आपल्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "आई, मी तशी आहे?"

रत्ना पाटावरून उठली. ही मुलगी एरवी माहेरी आली की अहिराणीत बोलते, पण रागावली की पुस्तकातल्यासारखं बोलायला लागते. ती म्हणाली, "आबा, माझ्या मुलीला असं म्हणायचं नाही."

"अवं, लाडमा सांगस मी."

"लाडात असेल. मला म्हणालात तेवढं पुष्कळ झालं. तिला नाही."

आबांना वाटलं, ती चेष्टा करतेय. ते म्हणाले, "गावले समजस बठ्ठं. लोटन काय म्हनस आनि त्याना मनमा काय शे."

"गावाला समजत असेल," रत्ना म्हणाली. "मी चार वर्षांची होते, आबा. मला कसं समजणार?"

आणि मग तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. दहावीच्या फोटोत ती कुठं आहे माहितीय का? शेवटच्या रांगेत, हेमराज सरांच्या पाठीमागं. नुसती वेणी दिसते. लग्नात फोटोवाला वैतागला होता, ताई वर बघा, वर बघा म्हणून. जगदीश पहिल्यांदा म्हणाला, छान दिसतेस, तेव्हा तिला वाटलं तो थट्टा करतोय. नवं लग्न, आणि दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. "अजूनही तो तसं म्हणाला की मी आधी त्याचं तोंड बघते. हसतोय का ते. तीस वर्षं मी दगडी आणि माकड ऐकलंय. मला ते खरं वाटलं, आबा. मी विश्वास ठेवला तुमच्यावर."

जगदीश तोंड फिरवून भिंतीचा रंग बघत होता. चुलीवरची पोळी करपल्याचा वास आला. प्रमिलाबाईंची पोळी चाळीस वर्षांत करपली नव्हती.

"उद्या बाई उठली की आम्ही निघतो," रत्नानं सांगून टाकलं. "आणि तुम्हाला हे बंद करता येणार नसेल, तर पुढच्या वर्षी मी एकटी येईन. तापीला आणणार नाही."

आबांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते गोठ्यात जाऊन बसले. मोठं संकट आलं की ते गोठ्यातच जात. तिथं त्यांची म्हैस होती, भुतडी. जाफराबादी, काळीभोर, अंगावर बघणाऱ्याचं तोंड दिसेल अशी. म्हणून तर नाव भुतडी.

मागोमाग जीवराम आला. शेजारचा, लहानपणापासूनचा सोबती. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. भिंतीला भिंत असली की कान लावायची गरज पडत नाही. तो बाजूला उकिडवा बसला, तंबाखू मळली, अर्धी आबांना दिली आणि म्हणाला, "सांगी टाका ना एकदाव. पोर साजरी शे म्हनीसन. काय जास तुमनं?"

"मनं नही जास," आबा म्हणाले. "तिनं जास."

जीवरामनं मान डोलावली. त्याला माहीत होतं. तो तिथं होताच.

रत्नाच्या आधी आबांना एक लेक होती. मोगरा. अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा लोटन तिशीचा गडी, आईचा कायदाबियदा न मानणारा. पोरगी अडीच वर्षांची. तो बायकोला हाकसुद्धा "मोगरानी माय" अशी मारायचा, उगाच, काम नसताना, ते नाव तोंडात यावं म्हणून. त्या साली कानबाई उठली, बायका बाईला डोक्यावर घेऊन नदीकडे निघाल्या, डफ वाजत होता, आणि लोटननं मोगराला खांद्यावर घेतलं. तिनं दोन्ही हातांनी त्याचे केस धरले होते. त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. भर मिरवणुकीत तो ओरडला, "पाहा रे भो, मनी आंडेर पाहा! बाईपेक्षा साजरी शे!"

त्याच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला. सगळे हसले. गुरुवारी मोगराला ताप आला. अंगावर पुरळ उठलं. नदीला पूर होता, धुळ्याची गाडी बंद होती. पुढच्या सोमवारी मोगरा गेली. बरोबर आठ दिवस.

कुणी त्याला काही बोललं नाही, आणि बोलायची गरजही नव्हती. त्यानं स्वतःच निकाल लावून टाकला होता. त्या दिवसापासून घरात मोगराचं नाव निघालं नाही. बायकोला हाक मारायची तर नुसतं "अवं". चार वर्षांनी रत्ना झाली, आणि ती शाळेत गेली तेव्हा कुठं बायकोला "रत्नानी माय" हे नाव मिळालं. खरं तर आबांनी पोरीचं नाव दगडी ठरवलं होतं. शाळेत घालायच्या वेळी प्रमिलाबाईंनी गुपचूप मास्तरांकडून रत्ना लिहून घेतलं. आबा भांडायला गेले, तर मास्तर म्हणाले, "अहो, रत्न म्हणजे दगडच की." तेवढ्यावर आबा परत आले होते.

आता आबा जीवरामला म्हणाले, "मना तोंडले इख शे रे भो."

जीवरामनं भुतडीकडे बघितलं. मग म्हणाला, "मंग हिनावर करी पाहा."

"काय?"

"हिले सांगा. साजरी शे म्हना. सकायलोंग पाहू काय व्हस ते."

आबा भडकले. पंच्याऐंशी हजारांची म्हैस! पण कल्पना डोक्यातून जाईना. जीवराम गेल्यावर ते उठले, इकडे तिकडे बघितलं, भुतडीच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "भुतडी, तू साजरी शे." अडतीस वर्षांनी तो शब्द बाई सोडून दुसऱ्या कुणासाठी तोंडातून निघाला. म्हशीनं कान हलवला. आबा धावत घरात आले, मीठ-मोहरी आणि सात लाल मिरच्या घेऊन परत गेले आणि म्हशीवरून ओवाळून जाळल्या.

संध्याकाळी बाई बसली. चौरंग, फुलांची आरास, समया. नारळावरचा चांदीचा मुखवटा उजळून निघाला होता. गावच्या बायकांनी गाणी धरली. जो येईल तो हात जोडून म्हणत होता, बाई काय साजरी दिसते! आबा खांबाला टेकून उभे होते. समोर रत्ना बसली होती, मांडीवर तापी. तापीनं परकर-पोलका काढून जुना फ्रॉक घातला होता.

मग त्यांनी एक चलाखी केली. पुढे येऊन बाईला हात जोडले, पण डोळे मात्र लेकीकडे वळवले, आणि मोठ्यानं म्हणाले, "बाई, तू कितली साजरी शे! तुनं मोठं कपाळ साजरं शे. तुना रंग साजरा शे. तुना दातमधली फट साजरी शे!"

बायकांनी गाणं थांबवून बाईकडे बघितलं. बाईला दात नव्हते. एकीला हसू फुटलं आणि मग सगळ्याच पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. रत्नालाही हसू आलं असेल, पण तिनं ते गिळलं. ती उठून आबांच्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाईला सगळं गाव सांगतंय, आबा. तिला गरज नाही." आणि तापीला घेऊन आत निघून गेली.

आबा तिथंच बसले. बायका गात राहिल्या.

सकाळी उजाडायच्या आत ते गोठ्यात हजर. भुतडी उभी होती, रवंथ करत होती. आबांनी तिच्या नाकाला हात लावला, कानात बघितलं, पोटावर थापटलं. दूध काढलं तर रोजच्याइतकं. वर तिनं बादलीला लाथ मारली.

जीवराम भिंतीवरून डोकावत होता. "लाथबी रोजनाइतलीच शे," तो म्हणाला. "सांगा आते."

"म्हैस म्हैस शे," आबा म्हणाले. "पोर पोर शे." पण बादली उचलताना त्यांचा हात जरा हलका झाला होता.

सकाळी बाई उठली. डफ वाजायला लागला, बायकांनी चौरंग डोक्यावर घेतला, नदीच्या वाटेला फुगड्या रंगल्या. जगदीशनं आधीच गाडीत बॅगा टाकल्या होत्या. नदीवरून परत आलं की निघायचं. आबा मिरवणुकीच्या मागं मागं चालत होते. मोगराला खांद्यावर घेतलं त्या दिवसानंतर ते बाईच्या मिरवणुकीत कधी पुढं चालले नव्हते. रत्ना लहान असताना "आबा, माले खांदावर ल्या" म्हणून रडायची, आणि ते तिला जीवरामच्या खांद्यावर द्यायचे.

पुढं गर्दी झाली. तापीला बाई दिसेना. ती टाचा उंच करून बघत होती, उड्या मारत होती. शेवटी तिनं मागं वळून आबांकडे बघितलं. पण काही मागितलं नाही. एका दिवसात ती शिकली होती की या म्हाताऱ्याकडं काही मागायचं नाही. चार वर्षांची रत्नाही एके दिवशी अशीच मागायची थांबली असणार, आणि ते आपल्या लक्षातसुद्धा आलं नाही, हे आबांना त्या क्षणी समजलं. जिला वाचवायला इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं, तिचं असं करून ठेवलं.

"रत्ना!" ते ओरडले.

इतक्या मोठ्यानं ओरडले की डफवाला थांबला. रत्ना वळली. आबा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. कपाळावरून घाम गळत होता.

"आयक. तू साजरी शे."

रत्नानं तापीचा हात घट्ट धरला.

"जनमनी तवयपाईन साजरी शे. दाईनी तुले मना हातमा दिधी, मी तोंड पाह्यं, आनि मी घाबरी गऊ. म्हनीसन दगडी म्हनं. माकड म्हनं. मनी माय सारखी दिखस तू. जगमा तिनापेक्षा देखनं मी काही पाह्यं नही. तू खोटं समजी बसनी, पोरी. तो बापना गुन्हा शे, तुना तोंडना नही."

एवढं बोलले आणि खाली वाकून तापीला उचलून खांद्यावर घेतलं. अडुसष्टाव्या वर्षी. कंबर कडाडली. "आनि हाई बी साजरी शे! आयका रे बठ्ठा जन! हाई बी!" तापीनं दोन्ही हातांनी त्यांची शेंडी धरली, कारण धरायला बाकी केस उरले नव्हते.

रत्ना रस्त्यातच रडायला लागली. आणि रडताना बघा, तिनं आधी बापाचं तोंड बघितलं. तो हसतोय का ते. तो हसत नव्हता. तो भीतीनं पांढराफटक पडला होता.

बाईला नदीत निरोप देऊन सगळे घरी आले. जगदीशनं गाडी सुरू केली. पण आबांनी एका हातात रत्नाचं मनगट आणि दुसऱ्या हातात तापीचं मनगट पकडलं होतं, ते सुटेना.

"आबा, सोडा ना. उशीर होतोय."

"आठ दिन," आबा म्हणाले. "आठ दिन ऱ्हावा. मंग जा. मी पाय पडस तुना."

रत्नाला काही कळेना. तिनं आईकडे बघितलं. प्रमिलाबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "ऱ्हाय, बेटा." मग त्यांनी तिला आत नेलं आणि मोगराचं सगळं सांगितलं. एक बहीण होऊन गेली एवढंच रत्नाला ठाऊक होतं. खांद्यावरचं, मिरवणुकीतलं कुणी कधी बोललं नव्हतं. बाहेर येऊन तिनं शाळेत फोन लावला, वडिलांची तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं, आणि जगदीशला एकट्यालाच पाठवलं. तसं बघितलं तर ती खोटंही बोलली नाही.

ते आठ दिवस त्या घरानं कसे काढले ते त्या घरालाच माहीत. आबा शेतात गेले नाहीत. तापी जिथं, तिथं आबा. विहिरीकडे जायचं नाही, कुल्फी खायची नाही, उन्हात खेळायचं नाही. दर तासाला कपाळाला हात. आधी तापीच्या, मग रत्नाच्या. चौतिसाव्या वर्षी बाप कपाळाला हात लावून बघतोय म्हणून रत्नाला आधी हसू यायचं, मग ती आपणहून कपाळ पुढं करायला लागली. गुरुवारी तापीला शिंक आली. आबा मटकन खाली बसले. पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली, मग रत्नालाही आली, प्रमिलाबाईंनाही आली. तेव्हा लक्षात आलं की आबांनीच नजर काढायला चुलीत मूठभर मिरच्या टाकल्या होत्या.

पुढचा सोमवार उजाडला. आबा पहाटेपासून ओट्यावर बसून होते. आत दोघी झोपल्या होत्या. सूर्य वर आला. तापी डोळे चोळत बाहेर आली आणि म्हणाली, "आबा, मला भाकर. लोणी घालून." दोन भाकरी खाल्ल्या तिनं. आत रत्ना आरशासमोर वेणी घालत होती. वेणी घालून झाली तरी ती आरशासमोरून हलली नाही. जरा वेळ तशीच उभी राहिली.

दुपारी जगदीश गाडी घेऊन आला. निघताना त्यानं मोबाइलवर सगळ्यांचा फोटो काढला. रत्ना पुढं उभी राहिली, सगळ्यांच्या पुढं, आणि दातांतली फट दिसेल इतकी हसली. तापीनं हिरवा परकर-पोलका घातला होता. आबांनी गाडीच्या खिडकीतून दोघींचे हात धरले, आणि मग आपले आपणच सोडले. धूळ खाली बसेपर्यंत ते रस्त्याकडे बघत उभे होते.

मग ओट्यावर येऊन बसले. प्रमिलाबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या.

"काही नही व्हयनं," आबा म्हणाले.

"नही व्हयनं."

"मी भर गावमा सांगं. दोन्हीस्ले. आठ दिन व्हयनात. काही नही व्हयनं." ते बायकोकडे वळले. "मंग तवयबी..."

प्रमिलाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"त्या सालले गावमा चार पोरं गयात," त्या म्हणाल्या. "गोवर व्हता. त्या कौतिक भाऊनं पोर शेंबडं व्हतं, आंगवर खरूज व्हती. तेले कोन साजरं म्हने व्हतं? तेबी गयं ना?"

आबांनी विचारलं, "तू कधी सांगं नही?"

"तुम्ही कधी नाव काढू दिधं?"

आबांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि ते रडायला लागले. लहान पोरासारखे, आवाज करून. अडतीस वर्षांचं होतं, लवकर संपणार नव्हतं. प्रमिलाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. पलीकडे भिंतीवरून जीवरामचं डोकं वर आलं आणि लगेच खाली गेलं.

खूप वेळानं आबांनी टोपीनंच नाक पुसलं. विचारलं, "साजरी व्हती ना ती?"

"व्हती," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पन नाक तुमनं व्हतं. तितलं सोडीसन."

आबांना रडता रडता हसू आलं. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर नीट बसवली, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मोगरानी माय, चहा ठेव."